परत आलेलं नाव

"वाईट वाटलं हो, जजबाई," दारावरचा हॉकेट म्हणाला आणि मार्गिटची बॅग त्यानं यंत्रातून न घालता तशीच हातानं पलीकडे सरकवली. ती त्या बॅगेकडे बघत राहिली. या कोर्टात आल्यापासून हॉकेटनं तिची बॅग एकदाही यंत्राशिवाय सोडली नव्हती. 'तुमच्या बॅगेत काय, डबाच असणार, पण मला बघितल्याशिवाय चैन पडत नाही,' असं म्हणून तो रोज हसायचा. आज हसला नाही. टोपी जरा मागे सारून उभा राहिला, मयताला आलेल्या माणसासारखा. कशाचं वाईट वाटलं, हे विचारावंसं तिला वाटलं. पण विचारलं असतं तर आपल्याला काहीच ठाऊक नाही हे त्याला कळलं असतं. म्हणून "थँक्यू, हॉकेट," एवढंच म्हणून ती लिफ्टकडे गेली. लिफ्टमध्ये एकटीच होती. कोण गेलं असेल? धाकट्या बहिणीचा, इरेनचा चेहरा डोळ्यांसमोर आला, मग भाच्याचा, लात्सीचा. पण त्यांचं काही झालं तर ते हॉकेटला आधी कसं कळेल? हॉकेट सकाळी फक्त वर्तमानपत्र वाचतो. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. जानेवारी लागला होता. राजधानीत सिनेटचं जुनं सत्र संपलं होतं. लिफ्टचं दार उघडलं तरी ती आतच उभी राहिली. दार मिटलं आणि लिफ्ट तिला घेऊन, कुणीतरी बोलावलं म्हणून, पुन्हा खाली निघाली.

वर्तमानपत्र तिच्या कारकुनानं खणात दडवलं होतं; ते तिनं मागून घेतलं. आतल्या पानावर, बर्फाच्या अंदाजाच्या शेजारी, चार ओळी होत्या. फेडरल न्यायाधीशपदासाठी सुचवलेली, पण मतदान न झालेली नावं सिनेटनं राष्ट्राध्यक्षांकडे परत पाठवली, त्यात टोलीडोच्या मॅजिस्ट्रेट जज मार्गिट हलाश यांचंही नाव. आडनावातलं एक अक्षर गाळलं होतं. तिनं राजधानीत फोन लावला. तिची नेमणूक बघणारा तरुण वकील दोन वर्षं तिला दर महिन्याला 'आता अगदी दारात आलंय' असं सांगत आला होता. तो म्हणाला, "मी आज तुम्हाला फोन करणारच होतो, मॅडम. खरंच." तिनं विचारलं, "विरोध कुणी केला?" "छे छे, कुणीच नाही. तुमच्याबद्दल कुणाचीच तक्रार नव्हती." "मग?" "मग काही नाही. वेळ संपला. उरलेली नावं नियमानं परत जातात." "ते पुन्हा पाठवतील?" "तुमचे सिनेटर निवृत्त झाले ना. नवे त्यांची माणसं आणतील. पण तुम्ही खूप चांगल्या प्रकारे वागलात, मॅडम, सगळे म्हणतात." तिनं फोन ठेवला. खिडकीबाहेर नदीवर बर्फाचा पातळ थर धरला होता आणि त्यावर एक बदक, पाणी कुठे गेलं हे न समजल्यासारखं, उभं होतं. नकार आला असता तर त्याला तोंड असतं. रागवायला एखादा माणूस मिळाला असता. इथे कुणी नाही म्हटलंच नव्हतं. पत्ता न सापडलेल्या पार्सलसारखं तिचं नाव परत आलं होतं, आणि परत तरी कुणाकडे, तर जिथून ते निघालं होतं त्या घरात आता कुणी राहत नव्हतं.

खुर्चीवर बसल्या बसल्या तिला काचेचा वास आला. काचेला वास नसतो हे तिला कळत होतं. तो वडिलांच्या सदऱ्याचा वास होता. अपु, म्हणजे तिचे वडील, काचेच्या भट्टीवर होते आणि नदीपलीकडच्या हंगेरियन मोहल्ल्यात त्या वेळी निम्मे पुरुष भट्टीवरच होते. अपुंचे हात कोपरापर्यंत लाल असत, आणि ते जेवताना ती आणि इरेन त्या हातांवर फुंकर घालत. मार्गिट रात्रीच्या वर्गात कायदा शिकली आणि पहिली नोकरी लागली ती म्हाताऱ्या जज एल्डरिजच्या हाताखाली. एल्डरिज फेडरल कोर्टाचे पक्के न्यायाधीश, राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले, मरेपर्यंत खुर्चीवर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी तिला चेंबरमधल्या त्या अरुंद दारातून नेलं, जे थेट व्यासपीठावर उघडतं. दालन रिकामं होतं. "बस," ते म्हणाले. ती बसली. खुर्ची तिला मोठी होत होती, पाय जमिनीला पुरत नव्हते. एल्डरिज खाली वकिलाच्या जागी उभे राहून बघत होते. "दिसतेस बरी," ते म्हणाले. "आता ऐक. इथे हुशार माणूस पोचत नाही. ज्याच्याबद्दल कुणाला काहीच आठवत नाही, तो पोचतो. सही करताना दोनदा विचार कर. मोर्चात जाऊ नकोस. दोस्त थोडे ठेव आणि तेही कंटाळवाणे." ते हसले होते, म्हणजे ती थट्टा असावी. तिनं ती थट्टा म्हणून घेतली नाही. भट्टी बंद झाली तेव्हा सगळा मोहल्ला कारखान्याच्या फाटकावर धरणं धरून बसला. अपु बसले, इरेन पोटातल्या लात्सीला घेऊन बसली. मार्गिट तेव्हा सरकारी वकील झाली होती. ती पुलापर्यंत आली, गाडीतून सगळ्यांना बघितलं आणि गाडी वळवली. अपु कधी काही बोलले नाहीत. एकदाच, फार नंतर, दवाखान्यात, तिचा हात हातात घेऊन म्हणाले, "तुझे हात किती गार असतात गं."

सरकारी वकील, मग मॅजिस्ट्रेट जज. ही त्या इमारतीतली खालची पायरी. पकडलेला माणूस पहिल्यांदा उभा करतात तो मॅजिस्ट्रेटपुढे. जामीन त्यानं ठरवायचा, झडतीच्या वॉरंटवर त्यानं सही करायची. खटला आणि शिक्षा वरच्यांची. वरच्यांच्या मजल्यावर गालिचा होता, तिच्या मजल्यावर फरशी. वर्षामागून वर्षं ती फरशीवर आपल्या टाचांचा आवाज ऐकत राहिली आणि एक दिवस सिनेटरचा फोन आला, वरच्या जागेसाठी तुमचं नाव सुचवतोय म्हणून. मग चौकशीला माणसं आली. त्यांनी तिच्या शेजाऱ्यांना विचारलं, शिक्षकांना विचारलं, मोहल्ल्यातल्या टोथबाईंनाही गाठलं. टोथबाईंनीच नंतर चर्चच्या पायऱ्यांवर तिला सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात: "मला विचारत होते, मार्गिटचे कुणी शत्रू आहेत का म्हणून. मी म्हटलं, शत्रू व्हायला आधी ओळख लागते रे बाबांनो!" बायका हसल्या. मार्गिटही हसली. त्या दिवशी तिला ते कौतुकच वाटलं होतं.

इरेन आली ती गेल्या शरद ऋतूत, रविवारी दुपारी, कोबीच्या गुंडाळ्यांचं पातेलं पंच्यात बांधून. पातेलं बघूनच मार्गिटला कळलं की काहीतरी मागायला आली आहे, कारण इरेन रिकाम्या हातानं मागत नसे. लात्सीला पकडलं होतं. त्यानं मित्राला नशेची पुडी दिली, दोघांनी घेतली, मित्र उठला नाही. केस फेडरल कोर्टात आली होती. अशा मरणाला कायद्यात कमीत कमी वीस वर्षं. मार्गिटला हे आधीच ठाऊक होतं. तिनंच लिहून दिलं होतं की आरोपी आपला भाचा आहे, या केसचा कागद आपल्यासमोर येऊ नये, कुणी आपल्याशी त्याबद्दल बोलू नये. म्हणून शेजारच्या शहरातून दुसरे जज येणार होते. "बरोबरच केलंस ते," इरेन म्हणाली. "मी तुला न्याय मागायला आले नाही, मार्गो. वकील म्हणतो, जबाबदार नातेवाइकानं घरी ठेवून घेतलं तर खटल्यापर्यंत सोडतील कदाचित. माझं घर चालत नाही. माझ्याच घरात तो ते करत होता ना. तुझ्याकडे वरची खोली रिकामी आहे." मार्गिट म्हणाली, "तुला माहीत आहे माझं काय चाललंय." "माहीत आहे." "कायद्यानं मनाई नाही, पण वर्तमानपत्रात येईल. जजच्या घरात आरोपी. एकदा मतदान होऊ दे, इरेन. डिसेंबरपर्यंत होईलच म्हणतात." इरेन जरा वेळ पातेल्याच्या गाठीशी चाळा करत बसली. मग म्हणाली, "त्याला तिथे झोप येत नाही. दिवे बंदच करत नाहीत म्हणे. लहानपणी तुझ्याकडे राहायचा तेव्हा तू त्याच्या डोळ्यांवर ओढणी बांधायचीस, आठवतं?" मार्गिटला आठवत होतं. ओढणी निळी होती. तो तिला 'मार्गो मावशी, मी आंधळा झालो, मला सूप भरव' असं म्हणायचा आणि मग चमच्याचमच्यानं भरवावं लागायचं. "डिसेंबरपर्यंत," ती पुन्हा म्हणाली. इरेननं पातेलं तिथेच ठेवलं. गुंडाळ्या मार्गिटनं तीन दिवस खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

जामिनाची सुनावणी झाली त्या दिवशी ती आपल्या चेंबरमध्ये होती आणि सुनावणी बरोबर खालच्या मजल्यावर. तिनं दार लावून घेतलं होतं. गरम पाण्याच्या नळ्यांतून खालचा आवाज कधीकधी वर येई, शब्द नसलेला, नुसता चढउतार. ती एका वॉरंटचा मसुदा वाचत होती आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा वाचली जात होती. एक आवाज जजचा असावा, संथ. मग बराच वेळ काही नाही. मग एका बाईचा आवाज, आणि तो इरेनचा होता की आणखी कुणाचा, हे तिला ओळखता आलं नाही. याचंच तिला भय वाटलं, की बहिणीचा आवाज ओळखता येत नाही. जामीन नाकारला गेला हे तिला कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी गाडीतळावर इरेनची गाडी उभी होती आणि इरेन आत बसून होती, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, गाडी चालू न करता. मार्गिट दुसऱ्या जिन्यानं गेली.

कारकुनानं दार वाजवलं तेव्हा ते वर्तमानपत्र अजून तिच्यासमोरच होतं. "मॅडम, सगळे थांबलेत. आजचं पुढे ढकलू का?" "कशाला?" ती म्हणाली आणि काळा झगा चढवला. पहिलंच प्रकरण एका तरुण बाईचं होतं, व्हॅनेसा ग्रिग्ज, चोरीचे चेक वटवल्याचा आरोप. तिच्यामागे एक उंच म्हातारा उभा होता, कोटाची बटणं चुकीच्या भोकांत लावलेला. मार्गिटनं नेहमीचे प्रश्न विचारले. "तुमचं नाव?" "ओटिस ग्रिग्ज." "आरोपीशी नातं?" म्हाताऱ्यानं जरा विचार केला. "ती माझी सून होती. मुलानं सोडली. मी नाही सोडली." मागे कुणीतरी हसलं. मार्गिट म्हणाली, "ती तुमच्या घरी राहील, आणि तिनं नियम मोडला तर तुम्हाला स्वतः पोलिसांना कळवावं लागेल. कळवाल?" "कळवीन. आधी दोन शब्द ऐकवीन, मग कळवीन." "घरात आणखी कोण आहे?" "एक कुत्रा. तोही हिचंच ऐकतो." "मिस्टर ग्रिग्ज, ही जबाबदारी मोठी आहे. तुम्हाला नाही म्हणता येतं." "ठाऊक आहे, बाई," म्हातारा म्हणाला. "पण मग ती झोपणार कुठे?" मार्गिटनं सही केली. तिचं पेन कागदावर नेहमीसारखंच चाललं. इतकं सोपं होतं ते. तिनं जन्मभर दुसऱ्यांना विचारलेले प्रश्न, त्यांची उत्तरं तिला पाठ होती: टेलिफोन आहे, खोली आहे, दारू नाही, बंदूक नाही, कळवीन. पोरगी म्हाताऱ्याच्या बाहीला धरून बाहेर पडली. पुढचं प्रकरण पुकारलं. मार्गिटला कुणाचं काय बोलणं चाललंय ते ऐकू येत होतं, बरोबर समजतही होतं, पण ती स्वतः मात्र खाली, दालनाच्या मागच्या बाकावर बसली होती आणि व्यासपीठावरच्या या बाईकडे बघत होती, आणि तिला त्या बाईबद्दल काहीच वाटत नव्हतं.

दुपारी ती पूल ओलांडून गेली. गाडी चालवताना मनात वाक्य जुळत होतं आणि ते वाक्य मांडताना तिला, सकाळपासून पहिल्यांदा, जरा ऊब वाटली. जामिनाचा अर्ज पुन्हा करता येतो. परिस्थिती बदलली असं म्हणायचं. वरच्या खोलीतली पुस्तकं हलवायची, पलंग खिडकीपासून दूर घ्यायचा. खटला वसंतात उभा राहील. तेवढे महिने तरी पोरगं अंधारात झोपेल. इरेनच्या दाराशी इरेनची गाडी होती. मार्गिटनं आपली तिच्यामागे लावली. इरेननं दार उघडलं, अंगात वृद्धाश्रमाचा निळा गणवेश, एका पायात बूट. "ये," ती म्हणाली, "मला कामावर निघायचंय." स्वयंपाकघरात मार्गिट उभ्या उभ्याच बोलली. जुळवलेलं वाक्य तिनं नीट म्हटलं. इरेन दुसऱ्या बुटाची नाडी बांधत होती, बांधून झाल्यावर खालीच बघत तिनं विचारलं, "आता?" "आता काही अडचण नाही." "का गं? काय झालं?" "माझं नाव परत आलं." इरेननं वर बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, आणि मार्गिटला हवा होता तो रागच. "अरेरे," इरेन म्हणाली, आणि ते खरं होतं. "इतकी वर्षं घालवलीस गं." मग ती उठली, कोट घेतला. "त्यानं गुन्हा कबूल केला, मार्गो. नाताळच्या आधीच. आता शिक्षेपर्यंत सोडत नाहीत म्हणे."

सोडत नाहीत. मार्गिटला ते कलम ठाऊक होतं. कबुली दिली की ते दार बंद, कुठलाही नातेवाईक उभा राहिला तरी. "कुठे कबूल केला? कधी? मला कसं..." "तुमच्याच इमारतीत," इरेन म्हणाली. "तूच म्हणाली होतीस ना, तुला कुणी काही सांगू नये." "पण घाई कशाला केली? वकिलानं सांगितलं नाही, थांब म्हणून?" "सांगितलं. तो म्हणाला, मला इथे राहवत नाही. मोठ्या तुरुंगात गेलो तर निदान रात्री दिवे घालवतात. वीस वर्षांवर सही केली पोरानं, दिवे घालवतात म्हणून." इरेन हातमोजा शोधत होती, तो तिच्या खिशातच होता. मार्गिट म्हणाली, "शिक्षेच्या दिवशी मी येईन. तुझ्या शेजारी बसेन." "नको." "इरेन, आता मला कुणाची भीती..." "तुझी काळजी नाही गं. त्याची. आत कळलं ना की याची मावशी जज आहे, सरकारी वकील होती, तर त्याला जिवंत ठेवायचे नाहीत. निम्म्यांना तर तूच आत पाठवलंयस. मीच त्याला बजावलंय, कुणी विचारलं तर सांग, आईशिवाय मला कुणी नाही." तिनं हे अगदी साधेपणानं सांगितलं, बाहेर थंडी आहे असं सांगावं तसं. "चल, गाडी काढ तुझी. मला उशीर होतोय."

मार्गिटनं गाडी मागे घेऊन रस्त्याच्या कडेला लावली. इरेनची गाडी बाहेर आली, थांबली, काच खाली झाली. "तुझी बॅग टेबलावर राहिली. घे आणि दार ओढून घे, कुलूप आपोआप लागतं." आणि ती गेली. मार्गिट आत आली. लहानपणापासूनचं हे स्वयंपाकघर तिला अनोळखी वाटलं. हीच खिडकी, हाच सिंकमधला डाग, इथेच अपु हात पुढे करून बसत, तरीही. बॅग उचलणार तोच भिंतीवरचा फोन वाजला. तिनं सवयीनं उचलला. यंत्रातला बाईचा आवाज म्हणाला की हा फोन जिल्हा तुरुंगातून आहे, संभाषण ध्वनिमुद्रित होत आहे, कैद्याचं नाव... आणि मधेच, आधी टिपून ठेवलेला, एकच शब्द त्याच्या आवाजात: "लात्सी." स्वीकारायचा असेल तर एक दाबा. तिनं दाबला. मागे लोखंडाचा, माणसांचा गोंगाट होता, कुणीतरी मोठ्यानं हसत होतं.

"आई?"

"लात्सी, मी आहे रे," ती म्हणाली. "मी मार्गो."

पलीकडे गोंगाट तसाच चालू होता. तो गेला असं तिला वाटलं. मग त्याचा आवाज आला, घोगरा, मोठा झालेला, आणि इतका अदबशीर की क्षणभर तिला वाटलं दुसराच कुणी बोलतोय.

"आई कामावर गेली असेल, नाही का?"

"हो, आत्ताच. लात्सी, ऐक, मी तुला..."

"काही हरकत नाही. तुम्ही एवढंच सांगा तिला, की मी फोन केला होता. बरा आहे म्हणावं. झोप लागते म्हणावं."

"लागते का रे? खरंच?"

"हो, मॅडम," तो म्हणाला. "थँक्यू, मॅडम." आणि त्यानं फोन ठेवला.

ती फोन कानाशी धरून उभी राहिली. मग तो जागेवर अडकवला. दार ओढून निघून जाता आलं असतं. पण त्यानं निरोप दिला होता, आणि तो इरेनला द्यायला हवा होता, तोंडानं, आहे तसा. इरेन कामाची पाळी संपवून बऱ्याच उशिरा येणार होती. मार्गिटनं खुर्ची ओढली आणि कोट न काढता बसून राहिली. बरा आहे म्हणावं. झोप लागते म्हणावं. विसरू नये म्हणून ती ते मनात पुन्हा पुन्हा म्हणत होती.